ग्रँडमास्टर बोलतो, आपण मान डोलावतो

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

औशाजवळ माझं कृषी सेवा केंद्र आहे. वय ४७. पेरणी-फवारणीच्या दिवसांत जेवायला सवड मिळत नाही, पण एकदा सोयाबीन निघालं की दुपारभर दुकानात मी आणि माश्या. मागच्या दिवाळीपासून मोबाइलवर एका ग्रँडमास्टरचे डाव बघतोय. ते ऑनलाइन खेळता खेळता प्रत्येक चाल का केली ते बोलून दाखवतात. रोज दोन-तीन डाव होतात. बघताना सगळं पटतं, पुढची चाल मलाही दिसली होती असं वाटतं. स्वतः खेळायला बसलो की डोकं रिकामं. ऑनलाइन रेटिंग साडेआठशे ते साडेनऊशेच्या मधे लोंबकळतंय. सातवीतली लेक एकही व्हिडिओ बघत नाही, नुसती कोडी सोडवते आणि मला हरवते. परवा व्हिडिओतल्या सरांनी घोडा कडेला नेला होता तसा मीही नेला, तर तिनं माझं मधलं प्यादं खाल्लं आणि विचारलं, "पप्पा, हे फुकट होतं का?" बायको म्हणते, "त्यो माणूस खेळालाय आन् तुमी बघालाव, तुमाला कसं येईल?" आता एक जाहिरात सारखी येते, ४,९९९ रुपयांत वीस तासांचा कोर्स. घेऊ का? की हा नाद माझ्या वयाला झेपणारा नाही? सरांचा डाव आणि माझा डाव, दोन्ही लिहून सोबत पाठवतोय.

— एक दुकानदार, ता. औसा

उत्तर

दुकानदार भाऊ, सप्रेम नमस्कार.

वहिनींचं ते वाक्य मी वहीत उतरून घेतलं. अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं, निवृत्तीनंतर दर रविवारी लेकरांचा बुद्धिबळाचा वर्ग घेते, पण इतक्या थोडक्यात मला ते कधी सांगता आलं नाही. तरी त्यांचं अर्धंच बरोबर आहे. बघून येत नाही असं मी कसं म्हणू, मी स्वतः बघूनच शिकले.

अंबाजोगाईकडच्या एका खेड्यात आमच्या आजोबांच्या ओसरीवर उन्हाळ्यात रोज दुपारी पट मांडला जायचा. पट कापडाचा, मोहरे लाकडाचे, त्यातल्या एका उंटाचं डोकं उडालेलं. रीत देशी होती. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. किल्लेकोट, म्हणजे राजा-हत्तीनं एकाच चालीत जागा बदलणं, नव्हता. त्याऐवजी राजाला एकदाच, शह बसायच्या आधी, घोड्यासारखी उडी मारता यायची. खेळणारे दोघं आणि बघे आठ-दहा. बघ्यांनी तोंड उघडायचं नाही हा नियम कडक होता. आजोबा एरवी मवाळ माणूस, पण मधेच कुणी "घोडा हाणा" म्हटलं की सरळ पट उलटवायचे. मग बघे काय करायचे, तर आपसात चहा लावायचे. एकानं दुसऱ्याच्या कानात सांगायचं, आता हत्ती सरकणार. दुसरा म्हणायचा, छ्या, वजीर. चाल झाली की हरलेल्यानं उठून हाटेलातून चहा आणायचा. मी आठ-नऊ वर्षांची, माझ्याकडे चहाचे पैसे कुठले? पण आजोबांचे एक दोस्त मला कोपरानं ढोसून विचारायचे, "पोरी, तुझी चाल काय?" काहीतरी सांगावंच लागायचं. चुकलं की ते हसायचे नाहीत, नुसतं पटाकडे बोट करायचे. आणि मी बघत बसायची, की मी सांगितलेली चाल केली असती तर काय बिघडलं असतं.

त्या बघण्यात आणि तुमच्या बघण्यात फरक एवढाच आहे, की तुमचा चहा लागलेला नाही.

सर चाल करतात, लगेच कारण सांगतात. कारण ऐकलं की चाल सोपी वाटते, उत्तर आधी वाचून मग उखाणा ऐकावा तशी. "मलाही दिसली होती" असं तुम्ही लिहिलंत. राग मानू नका भाऊ, नव्हती दिसली. स्वतःवरून सांगते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये समय रैना या विनोदवीरानं ऑनलाइन बुद्धिबळ खेळायला सुरुवात केली आणि आपल्या नाशिकचा विदित गुजराथी त्याला शिकवायला बसला, तेव्हा घरोघरी मोबाइलवर पट आला. आमच्याकडेही आला. मी पाच-सहा महिने रोज बघितलं, भाजी निवडताना, रात्री झोप येईस्तोवर. पुढे स्पर्धा सुरू झाल्यावर एका खुल्या स्पर्धेत नाव घातलं. पहिल्याच फेरीत समोर नऊ वर्षांचं लेकरू, पाय जमिनीला टेकत नव्हते. बाविसाव्या चालीला त्यानं मला मात दिली आणि हात मिळवायच्या आधी आईकडे लघवीला पळालं. मला सगळी ओपनिंगं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, तोंडपाठ होती. त्याला पटावर काय चाललंय ते दिसत होतं.

आता तुमच्या डावाकडे येते. दोन्ही डाव पटावर मांडून खेळून बघितले.

सरही काळ्यानं खेळले आणि तुम्हीही. घरांची नावं तुम्हाला माहीत आहेतच, उभ्या रांगांना ए ते एच, आडव्या रांगांना १ ते ८. पहिल्या तीन चाली दोन्हीकडे त्याच. राजापुढची प्यादी दोन-दोन घरं पुढे, म्हणजे ई-४ आणि ई-५. पांढऱ्याचा घोडा एफ-३ वर, काळ्याचा सी-६ वर. पांढऱ्याचा उंट सी-४ वर, काळ्याचा दुसरा घोडा एफ-६ वर. मग सरांच्या समोरच्यानं घोडा उचलून जी-५ ला नेला. आता उंट आणि घोडा, दोघांचाही डोळा एफ-७ च्या प्याद्यावर. सरांनी डी-प्यादं दोन घरं पुढे टाकून उंटाची वाट अडवली. पांढऱ्यानं ई-प्याद्यानं ते खाल्लं. सरांनी ते प्यादं परत घेतलं नाही, सी-६ चा घोडा ए-५ ला नेला आणि उंटावर हल्ला केला. "उंट पळेल, आपल्याला वेळ मिळेल," एवढं बोलून सर पुढे गेले.

तुम्ही त्यातून काय उचललंत? घोडा ए-५ ला न्यायचा, उंट पळतो. लेकीनं तर घोडा जी-५ ला नेलाच नव्हता. तिनं साधं डी-प्यादं एक घर सरकवलं होतं. तुम्ही घोडा ए-५ ला नेलात आणि तिनं एफ-३ च्या घोड्यानं ई-५ चं प्यादं उचललं.

फुकटच होतं ते. सी-६ च्या घोड्याला एक नोकरी होती, ई-५ च्या प्याद्याची राखण. सरांच्या डावात त्या प्याद्यावर टपलेला पांढरा घोडा स्वतःच जी-५ ला निघून गेला होता. चोरच गाव सोडून गेल्यावर राखणदाराला रजा मिळाली. शिवाय डी-५ वर आलेलं पांढरं प्यादं त्या राखणदाराच्याच अंगावर आलं होतं, त्याला कुठंतरी हलणं भाग होतं. तुमच्या डावात चोर दारात उभा, आणि तुम्ही राखणदाराला बांधावर पाठवून दिलंत. पुढे तुम्ही घोड्यानं उंट घेतलात, तिनं घोड्यानं घोडा घेतला. मोहऱ्यांचा हिशेब चुकता झाला, प्यादं गेलं ते गेलंच.

आणखी एक. सरांनी डी-५ चं प्यादं एफ-६ च्या घोड्यानं परत का खाल्लं नाही? मला तर तिथे पहिल्यांदा हात शिवशिवला असता. एक प्यादं गेलंय, समोर बसलंय, घ्यावं की. पण घेतलं तर पांढरा घोडा एफ-७ वर उडी मारून स्वतःला कुर्बान करतो. राजाला तो खावा लागतो. मग पांढऱ्याचा वजीर एफ-३ वर येऊन शह देतो आणि त्याच झटक्यात डी-५ च्या घोड्यावरही डोळा ठेवतो. तो घोडा वाचवायचा तर राजानं ई-६ वर यायचं, म्हणजे भर बाजारात, आठवडी बाजाराच्या दिवशी, उघड्या डोक्यानं. या हल्ल्याला फ्राइड लिव्हर म्हणतात, तळलेली कलेजी. इटलीतल्या चारशे वर्षांपूर्वीच्या डावांत तो सापडतो. सरांनी हे कधीच पाठ केलेलं असणार, म्हणून ते एका वाक्यात उरकून गेले.

इथंच तुमच्या प्रश्नाचं मूळ आहे. सर जेवढं बोलतात त्याच्या दसपट गोष्टी त्यांना दिसत असतात, आणि ज्या सगळ्यात स्वच्छ दिसतात त्या बोलायच्या राहून जातात. "ई-५ वर आता कुणाचा डोळा नाही" हे वाक्य त्यांच्या मनातसुद्धा उमटलं नसेल. तुमच्याच दुकानातलं बघा. शेतकरी सोयाबीनचं पिवळं पान घेऊन येतो आणि म्हणतो, शेजाऱ्याला दिलं तेच बुरशीनाशक द्या. तुम्ही पान हातात घेऊन उलटं करता, शिरांकडे बघता, पाणी साचलं होतं का विचारता, पांढरी माशी उडते का विचारता. लोह कमी असलं तरी पान पिवळं, शेतात पाणी तुंबलं तरी पिवळं, पांढऱ्या माशीनं पिवळा मोझॅक आणला तरी पिवळं. हे सगळं तुम्ही चहाचा घोट घेता घेता करता, आणि शेतकऱ्याला ऐकू येतं फक्त बाटलीचं नाव. ए-५ चा घोडा म्हणजे ते बाटलीचं नाव.

यावर शहाण्या माणसांनी बरंच काम केलंय. आड्रियान द ग्रोट नावाच्या डच मानसशास्त्रज्ञानं मोठमोठ्या खेळाडूंपुढे एकेक स्थिती मांडली आणि सांगितलं, विचार करताना मोठ्यानं बोला. म्हणजे तुमचे सर करतात तेच. त्याचा प्रबंध १९४६ चा. त्याला वाटलं होतं थोर खेळाडू फार पुढच्या चाली बघत असतील. तसं काही निघालं नाही. साध्या चांगल्या खेळाडूंपेक्षा ते फार खोल जात नव्हते, त्यांना योग्य चाल लवकर सुचत होती. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून झाकली आणि ती पुन्हा मांडायला सांगितली. उस्तादानं बहुतेक मोहरे जागच्या जागी ठेवले, नवशिक्याला चार-पाच जमले. मग मोहरे वाटेल तसे विस्कटून दाखवले, तर उस्तादाची मिजास जवळजवळ उतरली. स्मरणशक्ती दांडगी असते म्हणून नव्हे, ओळखीचे घोळके दिसतात म्हणून त्यांना आठवतं. जत्रेत आपल्याला माणसं दिसतात, पोलीसपाटलाला कोण कुणाचा जावई ते दिसतं.

तेव्हा लेक तुम्हाला का हरवते, ते कळलं का? ती रोज ते घोळके ओळखायला शिकतेय. कोड्यात मोहऱ्याची राखण सुटली की ते खायचं, हे तिनं हजार वेळा केलंय. तुम्ही लातूर जिल्ह्यातले आहात, तुम्हाला मी काय सांगू. लातूर पॅटर्नमध्ये पोरं पुढे गेली ती पेपरामागून पेपर सोडवून. नुसती व्याख्यानं ऐकून कुणी डॉक्टर झालेलं मी तरी पाहिलं नाही.

पण व्हिडिओ बंद करा असं मी सांगणार नाही. आमच्या लहानपणी ग्रँडमास्टरच्या मनात काय चाललंय ते ऐकायला मिळणं म्हणजे देवाचा फोन येण्यासारखं होतं. फोनच नव्हता, देव सोडा. फक्त कुठले डाव बघायचे ते नीट निवडा. तीन-तीन मिनिटांचे झटपट डाव सध्या सोडून द्या. त्यात सरांचा हात आधी चालतो, तोंड मागून येतं. जे ऐकू येतं ते बरेचदा झालेल्या चालीचं समर्थन असतं. ज्यात ते थांबतात, "थांबा, इथं मला कळत नाहीये" म्हणतात, दोन चाली तोलतात आणि एक टाकून देतात, ते डाव धरा. टाकून दिलेली चाल हे सगळ्यात मोलाचं. तुम्ही तीच खेळला असतात.

दुसरं, समोरचा कोण आहे ते बघा. ग्रँडमास्टर विरुद्ध ग्रँडमास्टर बघायला झकास, पण तिथे तुमच्या-माझ्यासारख्या चुका होतच नाहीत, मग त्यांची शिक्षा कशी बघायला मिळणार? डॅनियल नारोडित्स्की नावाचा एक अमेरिकन ग्रँडमास्टर होता. तो नवं खातं काढून अगदी खालच्या रेटिंगपासून खेळत वर चढायचा आणि वाटेतल्या प्रत्येक पायरीवरचा माणूस काय चुकतो, ते समजावून सांगायचा. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, अवघ्या २९ व्या वर्षी तो गेला. माझ्या वर्गातल्या एका पोरानं मला रात्री मेसेज केला होता, नुसतं "मॅडम, दान्या गेला." त्याचे ते डाव अजून आहेत. इंग्रजी बोलतो, पण पट पुढे असतो, जमेल तुम्हाला. हिंदीत हवं असेल तर सागर शहांना ऐका. ते ग्रँडमास्टर नाहीत, इंटरनॅशनल मास्टर आहेत, पण त्यांच्यासारखं समजावणं फार थोड्या ग्रँडमास्टरांना जमतं. किताब खेळण्याचा मिळतो, शिकवण्याचा नाही.

पटाच्या बाजूला ती पांढरी-काळी पट्टी वर-खाली होत असते ना, कॉम्प्युटर सांगतो कोण वरचढ आहे ते? ती झाका. व्हिडिओत बंद करता येत नसेल तर मोबाइलच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवा, मी तेच करते. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदासाठी गुकेश आणि चीनच्या डिंग लिरेनचा चौदावा डाव चालू होता, आमच्या घरी आम्ही सहा जण टीव्हीपुढे. ५५ व्या चालीला डिंगनं हत्ती एफ-२ वर नेला आणि ती पट्टी धाडकन कोसळली. आमच्या भाच्यानं, ज्याला उंट तिरका जातो एवढंच माहीत, उडी मारून सांगितलं, "डिंग चुकला!" मी विचारलं, का रे चुकला? गप्प. पट्टीनं सांगितलं होतं, पटानं नाही. चूक अशी होती की डिंगचा उंट ए-८ च्या कोपऱ्यात अडकला होता. गुकेशनं हत्तीला हत्ती खाऊन लगेच आपला उंट डी-५ वर आणून भिडवला. डिंगचा उंट मारामारी केल्याशिवाय सुटत नव्हता, आणि दोन्ही उंट गेल्यावर प्याद्यांच्या शर्यतीत डिंग हरत होता. अठरा वर्षांच्या पोराला ते पट्टीशिवाय, घड्याळ चालू असताना, समोर विश्वविजेता बसलेला असताना दिसलं. पट्टी बघून आपण हुशार होतो तो हुशारपणा व्हिडिओबरोबरच बंद होतो.

आता चहाचं. दुकानात जुनी बिलबुकं पडलेली असतील, त्यातलं एक घ्या. रोज दोन-तीन डाव बघता, त्याऐवजी आठवड्यात एक. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. ओपनिंगच्या सात-आठ चाली जाऊ द्या, त्यानंतर सरांच्या प्रत्येक चालीआधी व्हिडिओ थांबवा आणि पावतीच्या पाठीमागे दोन गोष्टी लिहा. मी असतो तर काय खेळलो असतो, आणि समोरच्याच्या शेवटच्या चालीनं काय बदललं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची, आणि ती लिहायचा तुम्ही आठ दिवसांत कंटाळा कराल, हेही आत्ताच सांगून ठेवते. समोरच्यानं मोहरा हलवला की त्यानं एक घर सोडलं, एखादी राखण सोडली, एखादी वाट उघडली. "घोडा जी-५ ला गेला, ई-५ मोकळं झालं" एवढं तुम्ही त्या दिवशी लिहिलं असतंत तर ए-५ चा घोडा लेकीविरुद्ध आपोआप थांबला असता.

मग तोच डाव आवाजासकट. जिथं तुमची आणि सरांची चाल जुळली तिथं कारण जुळलं का ते बघा. माझं तर निम्म्या वेळा जुळत नाही, आंधळ्यानं गोटी मारावी तसं. जिथं जुळली नाही तिथं व्हिडिओ सोडून पट घ्या, तुमची चाल मांडा, आणि सरांच्या समोरच्या माणसाच्या खुर्चीत बसून ती फोडायचा प्रयत्न करा. फुटली तर कळलं. अर्धा तास झुंजून फुटलीच नाही, तर मग कॉम्प्युटरला विचारा. कधी कधी तुमचीही चाल चांगली निघते, आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद करायला हरकत नाही. चार दिवसांनी तोच डाव तिसऱ्यांदा, पटावर, आठवून. जिथं अडाल तिथं तुम्हाला डाव कळलेला नव्हता.

मोबाइलच्या पडद्यावर बघून खेळू नका, खरा पट मांडा, ही माझी म्हातारी खोड समजा. हातानं घोडा उचलला की तो कुठून निघाला ते घर रिकामं दिसतं. पडद्यावर तो सरपटत जातो आणि मागचं घर डोळ्यांतून निसटतं. डेटा पुरत नसेल तर व्हिडिओ कमी दर्जावर लावा, चौसष्ट घरं तेवढ्यातही स्वच्छ दिसतात.

कोर्स घेऊ नका. वीस तास म्हणजे आणखी वीस तास मान डोलावणं, फक्त आता विकत. जे हवंय ते लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. २०१० मध्ये एका फ्रेंच प्रोग्रामरनं सुरू केलेलं, देणग्यांवर चालतं, जाहिरात नाही, कुलूप नाही. लेक कोडी सोडवते तिथेच तुम्हीही सोडवा, रोज पंधरा, पण घाई न करता. उत्तर पूर्ण दिसेपर्यंत मोहऱ्याला बोट लावायचं नाही. कोडी विषयवार मिळतात, तुम्ही "राखण नसलेला मोहरा" यापासून सुरुवात करा, का ते तुम्हाला कळलंच असेल. आणि दहा मिनिटांच्या आतले डाव दिवाळीपर्यंत बंद. पंधरा मिनिटं आणि वर प्रत्येक चालीला दहा सेकंद, असे आठवड्याला तीन खेळलात तरी खूप झाले. हरलेला डाव मात्र लगेच दुसरा लावून पुसायचा नाही. मला माहीत आहे तुम्ही रात्री ते करता, सगळेच करतात.

वयाचं विचारलंत. ४७ हे ग्रँडमास्टर व्हायचं वय नाही. त्याला सहसा २,५०० रेटिंग आणि तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धांमधल्या ठरावीक पातळीच्या कामगिऱ्या, लागतात, आणि त्या रांगेत आता बारा-तेरा वर्षांची लेकरं उभी असतात. लेकीला हरवायचं वय मात्र आहे. साडेनऊशेची फार लाज वाटून घेऊ नका, ऑनलाइनचा आकडा आणि फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, आकडा ही दोन वेगळी चलनं आहेत. मार्च २०२४ पासून फिडेची यादीच १,४०० पासून सुरू होते. तुमचा आकडा फक्त तुमच्या मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडा, आणि महिन्यातून एकदाच बघा.

लेकीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मला राहवत नाही. जी पोरगी हरवल्यावर "हे फुकट होतं का?" असं विचारते तिला पट दिसतो. तिला स्पर्धेला न्या, पहिली स्पर्धा लातूरला किंवा नांदेडला, लांब कुठं नको. तिथं चाली लिहायची सवय लागेल. नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली तेव्हा १९ वर्षांची होती. ते सांगून लेकीवर ओझं टाकू नका, नुसते दिव्याचे डाव लावून द्या.

आणि ते पावतीमागचं लिहिणं एकट्यानं करू नका. लेकीला शेजारी बसवा, तिच्या हातात दुसरं बिलबुक द्या. व्हिडिओ थांबवला की दोघांनी झाकून लिहायचं, मग उघडायचं, मग सरांची चाल बघायची. दर चालीला गुण मांडा, डाव संपला की हिशेब. बघ्यांचा चहा लागला पाहिजे. फक्त तो वहिनींना करायला सांगू नका, जो हरेल त्यानं गॅसपाशी जायचं. सुरुवातीचे दोन-तीन महिने तुम्हीच जाल, तेव्हा साखर कुठं ठेवलेली असते ते आधी विचारून ठेवा.